परसातील टाकळा

पनवेल शहर मागे टाकून पूर्वेस माथेरानच्या डोंगराकडे निघाले, म्हणजे थोड्याच अंतरावर नेरे हे गाव लागते. गाढी नदी याच बाजूने डोंगरातून उतरते आणि पनवेलच्या खाडीकडे जाते. पूर्वेच्या क्षितिजावर माथेरानचे लांबलचक पठार आणि त्याच्या अलीकडे प्रबळगडाचा रुंद माथा दिसतो. रायगड जिल्ह्याच्या या भागात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वी येथे भाताची खाचरे आणि गुरचरणीचे माळ यांखेरीज फारसे काही नव्हते. आता शहराची वस्ती वाढत वाढत या बाजूस येऊन ठेपली आहे. कौलारू घरांच्या शेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तरीही ज्या घरामागे हातभर मोकळी जमीन उरली आहे, तेथे मृगाचा पाऊस एकदोनदा पडून गेला की एक रोप न चुकता उगवते. ते कोणी पेरलेले नसते. त्यास कोणी पाणी घातलेले नसते. भेंडीचे बी पेरावे, त्याचे चार कोंब दिसावेत आणि त्यांच्या भोवती याची चाळीस रोपे उभी राहावीत, असा प्रकार होतो. हे रोप म्हणजे टाकळा.

कोकणात टाकळा, विदर्भात तरोटा आणि गोव्यात तायकिळो अशी याची निरनिराळी नावे आहेत. संस्कृत ग्रंथांत यास चक्रमर्द किंवा दद्रुघ्न असे म्हटले आहे. दद्रू म्हणजे गजकर्ण, अंगावर चक्राकार पसरणारा त्वचेचा रोग. त्याचा नाश करणारा तो दद्रुघ्न. या रोगावर टाकळ्याचे बी वाटून लावण्याची चाल फार जुनी आहे, हे या नावांवरूनच कळते. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली या वनस्पतीस शास्त्रीय नाव दिले, त्यात ‘तोरा’ हा शब्द घातला. सिंहली भाषेत हिला आजही ‘पेती तोरा’ म्हणतात. उन्हाळ्यात पिवळ्या फुलांच्या झुंबरांनी लवणारा बहावा हा टाकळ्याचा जवळचा आप्त आहे. दोघांची फुले शेजारी ठेवून पाहिली तर हे नाते सहज पटते.

टाकळा हे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या मोठ्या कुळातील झाड आहे. वाल, तूर, मूग, चवळी ही सर्व त्याच कुळातील. परंतु येथे एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. वालाचे किंवा मुगाचे रोप हलक्या हाताने उपटून मुळे धुतली, तर त्यांवर बारीक गाठी दिसतात. त्या गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू हवेतील नत्र वनस्पतीस मिळवून देतात, आणि म्हणूनच अशा पिकामुळे जमिनीचा कस वाढतो. टाकळ्याच्या मुळांवर अशा गाठी नसतात. ‘शेंगेचे झाड आहे, राहू द्या, जमीन सुधारेल,’ असे म्हणून कोणी टाकळा भेंडीच्या वाफ्यात ठेवील, तर त्याचा तर्क चुकेल. टाकळा जमिनीतूनच आपले अन्न घेतो आणि शेजारच्या रोपाच्या तोंडचा घास काढून घेतो. तो कोवळा असताना उपटून कुजविला, म्हणजे मात्र घेतलेले बरेचसे परत करतो.

त्याच्या पानाची ठेवण सुबक असते. एका देठावर समोरासमोर बसलेल्या दलांच्या तीन जोड्या असतात. देठाकडची जोडी सर्वांत लहान आणि टोकाकडची सर्वांत मोठी. प्रत्येक दल देठाशी निमुळते व टोकाशी गोलसर असते. पान बोटांनी चुरगळले तर उग्र, नकोसा वास येतो. या वासामुळे गुरे टाकळ्यास सहसा तोंड लावीत नाहीत. माळावर गुरांनी गवत खाऊन टाकावे आणि टाकळा तसाच ठेवावा, असे वर्षानुवर्षे होत राहिले, म्हणजे गवताची जागा हळूहळू टाकळा घेतो. ज्या गायरानावर भाद्रपदात सर्वत्र पिवळी फुले डोलताना दिसतात, ते पाहावयास रम्य असले तरी गुराख्याला त्यात आनंद नसतो. गुरांचा चारा तेथून नाहीसा झालेला असतो.

सूर्य मावळू लागला की टाकळ्याची पाने मिटतात. समोरासमोरची दले खाली झुकतात, आपल्याभोवती किंचित वळतात आणि त्यांच्या वरच्या बाजू एकमेकींस भिडतात. सकाळी ती पुन्हा पसरतात. प्रत्येक दलाच्या बुडाशी एक लहानसा फुगीर भाग असतो. त्यातील पेशींत पाणी कमीजास्त झाल्यामुळे ही हालचाल घडते. इंग्लंडातील शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन याने वनस्पतींच्या हालचालींवर १८८० साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात टाकळ्याच्या गोतावळ्यातील झाडांची पाने रात्री कशी मिटतात, याचे बारकाईने वर्णन आहे. त्यासाठी त्याने रात्रीही निरीक्षणे केली. नेऱ्यातील मुलास मात्र हे पाहावयास रात्रभर जागावे लागत नाही. दिवेलागणीच्या वेळी परसात एक फेरी मारली तरी पुरे.

ज्येष्ठ संपता संपता टाकळा वीतभर उंच होतो. याच दिवसांत त्याची भाजी करतात. नेऱ्याच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी कातकरी आणि ठाकूर यांच्या वाड्या आहेत. तेथील स्त्रिया पावसाळ्याच्या आरंभी रानभाज्या गोळा करून पनवेलच्या बाजारात विकावयास आणतात. प्रथम शेवळे येतात. मग टाकळा, भारंगी, कुलू आणि पुढे करटुली. घरात धान्य संपत आलेले आणि शेतात अजून काहीच पिकलेले नाही, अशा या दिवसांत पूर्वी अनेक कुटुंबांना रानभाजीचा मोठा आधार असे. ज्यास शेतकरी तण म्हणून उपटून बांधावर फेकतो, त्याचीच जुडी बांधून कोणी आपला संसार चालवितो. अलीकडे शहरांतही या भाज्यांना मागणी वाढली आहे.

भाजीसाठी टाकळ्याचे शेंडे खुडतात. झाड मुळासकट घेत नाहीत. पाने कोवळी, फिकट हिरवी असली पाहिजेत. ती निवडून दोनतीनदा धुवावी लागतात, कारण पावसाच्या थेंबांनी उडालेली माती पानांच्या मागे चिकटून बसते. मग ती बारीक चिरून, लसूण, कांदा व सुकी मिरची यांच्या फोडणीत घालतात. भिजविलेली चण्याची किंवा मुगाची डाळ त्यात चांगली लागते. वरून ओले खोबरे पडते. कोकणात आणि गोव्यात फणसाच्या आठळ्याही घालतात, आणि खरे सांगावयाचे तर आठळ्यांशिवाय ही भाजी थोडी पोरकीच वाटते. कच्च्या पानाचा उग्र वास शिजल्यावर राहत नाही. मेथीच्या जवळ जाणारी एक कडसर चव मात्र राहते. झाड गुडघ्याएवढे झाले की पाने जून व कडू होतात, आणि ती खाल्ली तर पोट बिघडते. म्हणून श्रावण सुरू झाल्यावर टाकळ्याच्या भाजीचे दिवस संपत आले असे समजतात.

टाकळा खुडणे हे काम बहुधा मुलांकडे असते, आणि त्यात एक धोका आहे. टाकळ्याच्या शेजारीच, त्याच मातीत, त्याच पावसात आणखी एक झाड उगवते. त्याचे नाव कासविंदा. त्यासही पिवळीच फुले येतात, त्याच्या पानासही उग्र वास असतो, आणि काही ठिकाणी तर लोक त्यास रानटाकळा म्हणतात. नाव सारखे, रूप सारखे, त्यामुळे घाईत चूक होणे अगदी सोपे असते.

नेऱ्यासारख्या गावात पावसाची उघडीप मिळाली, म्हणजे पुढील प्रसंग कोणत्याही परसात घडू शकतो. नात ओटीभर पाला खुडून आणते आणि पडवीत आजीपुढे ओतते. आजी एकेक शेंडा हातात घेऊन पाहू लागते. मध्येच ती थांबते आणि एक शेंडा बाजूला ठेवते.

“आजी, तो का गं काढलास? कोवळा तर आहे!” नात विचारते.

“कोवळा आहे, पण टाकळा नाही. हे पान बघ. टोकाशी कसे आहे?”

“टोकदार आहे.”

“आणि हे दुसरे?”

“गोल.”

“आता दलांच्या जोड्या मोज.”

नात मोजते. गोल पानाच्या देठावर तीन जोड्या भरतात, टोकदार पानाच्या देठावर पाच.

“हा कासविंदा,” आजी सांगते. “याची शेंग तर मुळीच तोंडात घालायची नाही. धाकट्यालाही सांग.”

आजीने दाखविलेल्या खुणा अगदी बरोबर आहेत. शास्त्रज्ञ त्यांत आणखी एकदोन खुणांची भर घालतात. टाकळ्याच्या खालच्या दलांच्या जोड्यांमध्ये, देठावर, टाचणीच्या टोकाएवढी एक उभी ग्रंथी असते. कासविंद्याची ग्रंथी देठाच्या अगदी बुडाशी, खोडाजवळ असते. टाकळ्याची शेंग वीतभर लांब, दाभणासारखी बारीक आणि विळ्यासारखी वाकलेली असते. कासविंद्याची शेंग तिच्याहून आखूड व चपटी, आणि तिच्या कडा फिकट रंगाच्या असतात. ती पिकली म्हणजे तपकिरी होते आणि हलविली असता आत बिया खुळखुळतात. लहान मुलांना तिचा मोह पडतो तो यामुळेच.

हा मोह किती घातक ठरू शकतो, हे उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात दिसून आले. तेथील बिजनौर, सहारणपूर इत्यादी जिल्ह्यांत पावसाळा संपून थंडी पडू लागली की दरवर्षी काही लहान मुले एकाएकी आजारी पडत. आदल्या दिवशीपर्यंत हसतखेळत असलेले मूल वांत्या करू लागे, बेशुद्ध होई आणि पुष्कळदा दोनतीन दिवसांत दगावे. बहुतेक मुले दोन ते चार वर्षांची आणि गरीब घरांतील असत. हा मेंदूचा कसला तरी साथीचा ताप असावा, असे अनेक वर्षे समजले जात होते. परंतु साथ म्हणावी तर घरातील इतर माणसांस काही होत नसे. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ, विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराचा चिकाटीने मागोवा घेतला. आजारी मुले कोठे खेळली, त्यांनी काय खाल्ले, याची त्यांनी घरोघर चौकशी केली आणि त्याच वयाच्या निरोगी मुलांशी ती माहिती ताडून पाहिली. तेव्हा असे दिसून आले की, आजारी मुलांपैकी बहुतेकांनी घराजवळ वाढलेल्या कासविंद्याच्या शेंगांतील बिया खाल्ल्या होत्या. त्या विषाने यकृत, स्नायू आणि मेंदू यांवर एकदम आघात होत होता. हे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. गावोगाव लोकांस हे झाड दाखविण्यात आले, आणि लोक सावध झाल्यावर या आजाराचे प्रमाण घटले. या दुखण्यावर रामबाण औषध सापडले नव्हते. लोकांना झाड ओळखता येऊ लागले, एवढेच घडले होते.

टाकळा कासविंद्याएवढा घातक नाही. तथापि त्याच्या कच्च्या बियाही खाण्याजोग्या नसतात, आणि पुस्तकात दद्रुघ्न असे नाव वाचून अंगावरील चट्ट्यास त्याचा लेप स्वतःच लावू नये. गजकर्णावर आज खात्रीची औषधे मिळतात. ती डॉक्टरांकडून घ्यावीत.

श्रावण-भाद्रपदात टाकळा फुलतो. पानांच्या बेचक्यांतून बहुधा दोन दोन फुले येतात. पाच पिवळ्या पाकळ्या, पण त्या सर्व अगदी एकसारख्या नसतात. वाटाण्याचे किंवा वालाचे फूल पंख मिटलेल्या फुलपाखरासारखे असते. टाकळ्याचे तसे नसते. या फुलावर मध मिळत नाही. येणाऱ्या मधमाश्या परागासाठी येतात. फुलपाखरांचे काम वेगळे. गवतावरून खालून खालून उडणारी लहान पिवळी फुलपाखरे टाकळ्याच्या पानांवर अंडी घालतात, आणि त्यांच्या हिरव्या अळ्या तीच पाने खाऊन वाढतात. परसातील सर्व टाकळा उपटून टाकणारास पिवळी फुलपाखरेही कमी दिसू लागली, तर त्यात आश्चर्य नाही.

फुले गळतात आणि शेंगा लांबू लागतात, तेव्हा शेतकऱ्याची चिंता सुरू होते. एका शेंगेत साधारणपणे २५ ते ३० बिया असतात. एखाद्या झाडास ४० शेंगा लागल्या आणि प्रत्येकीत २५ बिया भरल्या असे धरले, तर एका झाडाच्या १,००० बिया होतात. दिवाळीनंतर शेंगा वाळतात, उकलतात आणि त्या सर्व बिया भोवतालच्या मातीत पडतात. बी लहान, तपकिरी, चकचकीत आणि कोनदार असते. त्याचे कवच इतके कठीण असते की पाणी सहजासहजी आत शिरत नाही. त्यामुळे पुढच्या मृगात सर्वच बिया उगवत नाहीत. काही उगवतात, काही त्याच्या पुढच्या वर्षासाठी राहतात, काही त्याहूनही पुढे. एखाद्या वर्षी पाऊस लवकर येऊन दडी मारतो आणि उगवलेली रोपे करपून जातात. त्या वर्षी मातीत निजलेले बी टाकळ्याचा वंश राखते. परसातील टाकळा गेल्या वर्षी झाडून काढला, तरी यंदा तो पुन्हा दिसतो, त्याचे कारण हे होय. कुदळीने जमीन खोल खणली की खाली गाडले गेलेले बी वर येते आणि उजेड व ओल मिळताच रुजते. म्हणून नवीन खणलेल्या वाफ्यात टाकळा अधिक दाट असतो.

ज्यांना टाकळा आवरावयाचा असेल, त्यांनी वेळ साधली पाहिजे. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असते तेव्हा, रोप वीतभर असताना, ते बुडाशी धरून सरळ वर ओढले तर मुळासकट येते. तेच रोप महिनाभर तसेच राहू दिले की त्याचे सोटमूळ खोल जाते, खोड लाकडासारखे होते, आणि मग खुरप्याने भागत नाही. कित्येक जण अशा वेळी कोयत्याने ते वरच्या वर छाटतात. त्याचा फारसा उपयोग होत नाही. बुंध्यापासून नव्या फांद्या फुटतात आणि त्या जमिनीलगतच शेंगा धरतात. फुले येण्यापूर्वी उपटलेला टाकळा खड्ड्यात शेणाबरोबर कुजविता येतो, किंवा भेंडीच्या, मिरचीच्या रोपांभोवती पसरता येतो; त्याच्या आच्छादनाने पावसाच्या माऱ्यापासून माती वाचते. शेंगा भरलेला टाकळा मात्र खड्ड्यात टाकू नये. पुढल्या वर्षी ते खत जेथे जेथे पडेल तेथे तेथे टाकळा उगवेल.

परंतु टाकळा सगळीकडूनच नाहीसा करावा काय? या प्रश्नाचे उत्तर देताना दुसऱ्या एका तणाचा विचार करावा लागतो. १९५५-५६ च्या सुमारास पुण्याच्या परिसरात अमेरिका खंडातील एक परके झाड आढळून आले. गाजराच्या पानांसारखी पाने आणि बारीक पांढरी फुले असलेले हे झाड म्हणजे गाजरगवत. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर ते येथे आले असावे, असे मानतात. पुढे थोड्याच वर्षांत ते देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगास खाज सुटते, परागांनी दमा बळावतो, आणि भाजी म्हणून किंवा चारा म्हणून त्याचा काडीचाही उपयोग नाही. या गाजरगवताविरुद्ध उभा राहू शकणारा गडी म्हणजे टाकळा. पडीक जागेत पावसाळ्यापूर्वी टाकळ्याचे बी दाट फेकले, तर त्याची रोपे झपाट्याने वाढून जमीन झाकून टाकतात आणि गाजरगवतास ऊन व जागा मिळू देत नाहीत. म्हणूनच कृषितज्ज्ञ अशा ठिकाणी टाकळा मुद्दाम पेरावयास सांगतात. हा उपाय पूर्ण नाही. हिवाळ्यात टाकळा वाळला की गाजरगवत पुन्हा डोके वर काढू शकते, आणि ते हाताने, हातमोजे घालून, उपटावेच लागते. तरीही रस्त्याच्या कडेला किंवा अर्धवट राहिलेल्या बांधकामाच्या भोवती, जेथे कोणी काहीच लावणार नाही, तेथे टाकळ्याचे रान हे गाजरगवताच्या रानापेक्षा शतपटीने बरे.

त्याच्या बियांनाही बाजार आहे. विदर्भात आणि छत्तीसगडात भाताची कापणी होत असताना रानावनांतून तरोट्याचे बी झोडून गोळा करतात आणि व्यापाऱ्यास विकतात. या बियांच्या आतील भागापासून डिंकासारखा एक पदार्थ काढतात. कुत्र्यामांजरांच्या डबाबंद खाद्यात तो घट्टपणा आणण्यासाठी वापरला जातो, आणि परदेशांत त्यास मागणी आहे. चीन, कोरिया आणि जपान या देशांत टाकळ्याचे व त्याच्या अगदी जवळच्या एका जातीचे बी भाजून, पाण्यात उकळून चहासारखे पितात. दक्षिण भारतातील रंगारी निळीच्या रांजणात टाकळ्याचे शिजविलेले बी घालीत असत. त्यामुळे रांजण आंबतो, नीळ पाण्यात उतरते आणि सुतास धरते. काही कारागीर आजही हीच रीत पाळतात.

नेऱ्यातील ज्या घरी भाजी हवी आणि वाफेही स्वच्छ हवेत, त्या घरी सोपी वाटणी करता येते. भेंडी, मिरची आणि दुधी यांच्या वाफ्यांतून प्रत्येक उघडिपीस टाकळा उपटावयाचा. कुंपणालगतच्या एका कोपऱ्यातील पंचवीसतीस झाडे मात्र राखावयाची. आषाढात त्यांचे शेंडे खुडावेत. खुडलेल्या जागी नवे फुटवे येतात आणि भाजी आणखी काही दिवस मिळते. भाद्रपदात फुलपाखरांच्या अळ्यांस त्यावर खुशाल चरू द्यावे. शेंगा पिवळसर तपकिरी होऊ लागल्या, परंतु अजून उकलल्या नाहीत, असा दिवस पाहून त्या सर्व तोडून टोपलीत घ्याव्यात. एक आठवडा उशीर झाला तर टोपली रिकामी राहते आणि परस भरतो.

या बियांवर शाळेत एक सोपा प्रयोग करता येतो. वीस बिया घ्याव्यात. त्यांपैकी दहा बियांचे कवच खरकागदावर हलके घासावे, आतील गर दिसू लागेपर्यंतच. उरलेल्या दहा तशाच ठेवाव्यात. दोन वाट्यांत पाणी घेऊन त्या वेगवेगळ्या भिजत घालाव्यात आणि दुसऱ्या दिवशी बोटांनी चाचपून पाहाव्यात. घासलेल्या बिया फुगून मऊ झालेल्या आढळतील. न घासलेल्यांपैकी बऱ्याचशा खड्यासारख्या कठीणच असतील. मग दोन्ही प्रकारच्या बिया ओल्या फडक्यात गुंडाळाव्यात, दररोज उघडून किती रुजल्या ते मोजावे आणि वहीत दोन रकाने आखून त्यांचे आकडे लिहावेत. प्रयोग संपल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि शिल्लक राहिलेले बी शाळेच्या बागेत न टाकता चुलीत टाकावे.